नळीमावशीचं वाचन

माणसाला तुच्छ लेखण्याची नळीमावशीची एक पद्धत होती. ती आधी त्याला काहीतरी वाचायला द्यायची. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, विजेचं बिल, बियाण्याच्या पिशवीमागचा मजकूर, हाताला लागेल तो कागद. समोरचा माणूस दोन ओळी डोळ्यांखालून घालायचा आणि कागद परत करायचा. मावशी विचारायची, "झालं?" तो म्हणायचा, "झालं." मग ती कागदाची घडी घालून पिशवीत ठेवायची आणि त्याच्याशी कापसाच्या, लग्नाकार्याच्या गप्पा सुरू करायची. आपण नापास झालो हे त्या बिचाऱ्याला कळायचंही नाही. सरपंच, तलाठी, शाळेचे हेडमास्तर आणि मी, आम्ही सगळे तिच्या लेखी एकाच बाकावरचे होतो.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. नाव द्वारकाबाई, पण ते तिच्या पेन्शनच्या पुस्तकापुरतं. तालुक्याच्या एका शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं नोकरी केली. कागदावर हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर'; लोकांच्या तोंडी शिपाईण. रोज सकाळच्या एसटीने जायचं, पोरांनी घाण केलेल्या परीक्षानळ्या ब्रशने घासायच्या, उपड्या लावून ठेवायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. पोरांनीच तिला नळीमावशी केलं. शिक्षण सातवी. नवरा लवकर गेला, मुलगी पिंगळीला दिली, आणि मावशी आमच्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे खरोखर एकटी, कारण तिच्याशी अर्धा तास बोलून आपली इज्जत शाबूत ठेवून परतणं फार कमी लोकांना जमायचं.

तिच्या उजव्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक गुलाबी डाग होता. एम.एस्सी. झालेल्या एका सरांनी जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलं होतं. बाटलीवर वर मोठ्या अक्षरांत आधीच्या औषधाचं नाव, आणि अगदी खाली, पेन्सिलीने, बारीक, ॲसिडचं. मावशीने वरचं वाचलं आणि बाटली धुवायला घेतली. ही गोष्ट ती सरांची चूक म्हणून कधीच सांगत नसे. "मी वरचंच वाचलं," एवढंच म्हणायची. तेव्हापासून ती कुठलाही कागद बोट ठेवून, वरच्या शिक्क्यापासून खालच्या सहीपर्यंत वाचायची. एका पानाला वीस मिनिटं लागायची. मधे कुणी बोललं तर बोट आहे तिथेच ठेवून त्याच्याकडे नुसतं बघायची.

शिकलेल्या लोकांबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "लय शिकलेली माणसं वाचत न्हाईत. त्यायला वाटतं, आपल्याला ठावंच हाय." हे ती माझ्याकडे बघून म्हणायची, कारण मी परभणीला राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि आता आमच्याच ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो. म्हणजे दाखले छापायचे, उतारे काढायचे आणि वरून मागतील ते आकडे पोर्टलवर भरायचे. कंत्राटी काम. पण टेबल होतं, फिरती खुर्ची होती, आणि गावातल्या म्हाताऱ्या मला साहेब म्हणायच्या. मावशी मला 'ए परकाश' म्हणायची. मला ते आवडायचं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. येलदरीच्या धरणाची भिंत आमच्या शिवारातून दिसते एवढं पुरे. धरण इतकं जवळ, आणि नळ एकेका गल्लीला तिसऱ्या दिवशी यायचा. आला की बायका घागरी भरायच्या, पुरुष मोटारसायकली धुवायचे, आणि पाण्यात काय आहे हे विचारण्याची कुणाला फुरसत नसायची. विचारलंच कुणी तर उत्तर ठरलेलं: आपल्या आज्यापणज्यांनी हेच पाणी पिलं. मावशीला या वाक्याचा मनस्वी तिटकारा होता. "तुजा आजा कितवं पोर व्हता इच्यार. आन् त्याच्या मायची किती गेली त्येबी इच्यार," ती म्हणायची.

निवृत्त झाल्यावर तिने स्वतःला एक काम लावून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पंचायतीत यायची, माझ्या टेबलासमोर बसायची आणि म्हणायची, "पाण्याचे कागद काढ." आमचा पाणीवाला गंगाधर पहिल्यांदा बिथरलाच. तो टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर टाकायचा, नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उतरलं ते रोज तपासून वहीत लिहायचा. म्हणजे निदान तसा पगार घ्यायचा. तो म्हणाला, "मावशी, हे पंचायतीचे कागद हायेत." मावशी म्हणाली, "पंचायत कुणाची हाय?" मी वही काढून दिली, कारण दिली नसती तर ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली असती.

त्या वहीत तिचं बोट एका पानावर थांबलं ते मला अजून आठवतं. त्या महिन्यात मोटार जळाली होती आणि नऊ दिवस गावाला पाण्याचा थेंब आला नव्हता. टाकी कोरडी होती. आत उतरलेली पोरं तिथे पत्ते खेळायची. वहीत मात्र त्या नऊही दिवशी क्लोरीनची नोंद होती. रोज सारखी, रोज समाधानकारक, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली. मावशीने गंगाधरला बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "पाणी न्हवतं. मंग नुसतं क्लोरीनच येत व्हतं व्हय नळाला?" गंगाधर हसला. त्याला वाटलं मावशी विनोद करते आहे. मीही हसलो. तिने वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "ह्या पानाखाली तुजी सही हाय," ती म्हणाली. होती खरी. महिनाअखेरीला गंगाधर वही पुढे करायचा आणि मी पानाच्या तळाला 'तपासले' म्हणून सही ठोकायचो.

दुसऱ्या वेळी तिने नमुन्याच्या बाटल्यांवरून माझं शिक्षण काढलं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाणी पाठवताना दोन बाटल्या भरतात. एक रसायनांच्या तपासणीची, ती आधी त्याच पाण्याने विसळून घ्यायची असते. दुसरी जंतूंच्या तपासणीची; ती निर्जंतुक करून आलेली असते, ती विसळायची नसते, तिला आतून बोटाचाही स्पर्श होऊ द्यायचा नसतो. गंगाधर नेमकं उलटं करायचा. जंतूंची बाटली तो राख लावून स्वच्छ घासायचा, धोतराने पुसायचा, कारण सरकारकडे घाण बाटली कशी पाठवायची. मावशीने हे पाहिलं आणि ती ओट्यावर बसून राहिली. तीस वर्षं बाटल्या धुतलेली बाई. मग म्हणाली, "परकाश, तू तर बाटल्यातच शिकलास ना रं? तुला दिसत न्हवतं?" मी म्हणालो, हे माझं काम नाही. ती म्हणाली, "आसं कसं. तुजं काम कंचं हाय त्ये तरी सांग." मी तिला पोर्टल दाखवलं. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विषय बदलला.

पंचायतीला पाण्यासाठी हिरवं कार्ड मिळालं तेव्हा सरपंचांनी ते फ्रेम करून आणलं. पाण्यात धोका असेल तर लाल कार्ड, थोडा असेल तर पिवळं, सगळं ठीक असेल तर हिरवं. फ्रेमला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले. सरपंच चार वाक्यं बोलले, त्यांत 'शुद्ध' हा शब्द सहा वेळा आला. मावशी पेढा हातात धरून फ्रेमपाशी गेली आणि बोट ठेवून कार्ड वाचू लागली. सगळे थांबले. वीस मिनिटं नाही, पण पाच तरी गेली असतील. मग ती म्हणाली, "ह्यात सारवजनिक ईर लिवलीय. गाव तर दिवाळीपासून बोरचं पाणी प्यायलंय."

खरं होतं. जुनी विहीर नदीच्या बाजूला, पाऊण किलोमीटरवर. तिथली पाइपलाइन सारखी फुटायची, म्हणून सरपंचांनी गायरानाच्या कडेला नवं बोअर घेतलं होतं, टाकीपासून अगदी जवळ. तिथेच गावाचे सगळे उकिरडे होते, ही बाब कुणाच्या डोक्यात आली नव्हती किंवा आली असली तरी पाइप वाचत होता. कार्ड विहिरीचं आणि पाणी बोअरचं. सरपंच म्हणाले, "मावशी, पाणी ते पाणी." मावशीने पेढा परत ताटात ठेवला. त्या दिवशी घरी जाताना ती मला म्हणाली, "पाण्याचा कागद हातात आला की आकडे बघू नको. आधी कुठलं पाणी हाय त्ये बघ. दुसऱ्याच्या लेकराचं प्रगतिपुस्तक बघून आपल्याला काय करायचं?" मी हो म्हणालो. तिला टाळायचं असलं की मी हो म्हणायचो.

तिच्या तुच्छतेत माया असायची असं लिहायला मला आवडलं असतं. गेलेल्या माणसांबद्दल असं लिहायची रीत आहे. पण नव्हती. ती खरंच आम्हाला तुच्छ समजायची आणि तिचं बरोबर होतं. माया होती ती दुसरीकडे. गावात कुणी बाळंत झाली की मावशी तिसऱ्या दिवशी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून घेऊन जायची, लेकराकडे बघायची, आईला चार शिव्या घालायची आणि चहा न घेता निघून यायची. माझी मुलगी झाली तेव्हाही आली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली, "नवऱ्याच्या अकलेवर जाऊ नको. मला इच्यारत जा." सुनंदा हसली. मला राग आला, आणि मी तिला म्हणालो की त्या शिपाईणीला फार डोक्यावर बसवू नकोस.

मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा सुनंदाला दूध कमी पडायला लागलं. डब्यातली पावडर सुरू केली. पाण्याचं मी स्वतःकडे घेतलं, कारण घरातला वैज्ञानिक मीच. नळाचं पाणी गाळून, पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं खळाखळा उकळायचं. पातेलं अर्ध्यावर आलं की मला समाधान वाटायचं. त्याच सुमारास नव्या बोअरच्या पाण्याचा रसायनांचा अहवाल तालुक्याहून आला. मी तो पोर्टलवर भरला. कठीणपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, एकेक आकडा एकेका चौकटीत. क्षार जास्त होते, नायट्रेट जास्त होतं. आमच्या भागात काही ना काही जास्त असतंच. शेवटी हिरवी खूण आली, नोंद यशस्वी झाली, मी अहवाल फाइलला लावला आणि चहाला गेलो.

त्या महिन्याचा पहिला सोमवार मावशीचा चुकला. तिच्या मुलीचं ऑपरेशन होतं, ती पिंगळीला जाऊन राहिली होती. पुढच्या सोमवारीही आली नाही. मला बरंच वाटलं. ती आली ती जवळजवळ पाच आठवड्यांनी, उन्हाने काळवंडलेली, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "कागद काढ."

तिने तो अहवाल वाचायला घेतला. मी एकाचा रहिवासी दाखला छापत होतो. बोट हळूहळू खाली येत होतं. तळाशी आल्यावर ते बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिने विचारलं, "तुज्या लेकीला वरचं दूध हाय ना?"

"हो."

"कशात कालवता?"

"नळाच्या पाण्यात. पण मी चांगलं पंचवीस मिनिटं उकळतो, मावशी. अर्धं होईपर्यंत."

तिने कागद माझ्यासमोर ठेवला. "वाच."

मी वाचलं. स्रोत, बोअरवेल. नायट्रेट, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. निष्कर्ष, पिण्यास अयोग्य. "झालं," मी म्हणालो.

एरवी तिने कागद उचलून घडी घातली असती. त्या दिवशी नाही घातली. तिने माझा हात धरला आणि माझं बोट ओढून कागदाच्या तळाला, सहीच्या वर ठेवलं. तिथे कुणीतरी निळ्या शाईने, हाताने, दोन ओळींचा शेरा लिहिला होता: हे पाणी अर्भकांना देऊ नये. उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, वाढते.

तालुक्याच्या त्या प्रयोगशाळेत कुणीतरी एक माणूस होता ज्याने छापील निष्कर्षावर समाधान मानलं नव्हतं. पेन काढून, वेळ काढून, त्याने हे लिहिलं होतं. आणि ते ज्याच्या हातात पडलं तो रसायनशास्त्राचा पदवीधर होता, ज्याला हे पुस्तकात शिकवलं होतं, ज्याच्या घरात अर्भक होतं. पोर्टलवर शेऱ्याची चौकट नव्हती. म्हणून मी तो वाचला नव्हता. याहून जास्त स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

"आटवून आटवून पाजायलास," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. "ऊठ. घरी जा."

सुनंदा आठवडाभर म्हणत होती की मुलीचे ओठ काळसर दिसतात, ती सारखी झोपून असते. मी म्हणालो होतो, माझ्या आईच्या वळणावर गेली असेल. त्या दुपारी मी तिला दारात, उजेडात घेतलं. ओठ काळे नव्हते. निळसर होते, नखंही. जीपने तिला परभणीला नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला तो पाण्याचा. चौथ्या दिवशी मुलगी घरी आली, ओठ गुलाबी, भुकेने रडणारी. मी रस्त्यातच शुद्ध पाण्याच्या जारवाल्याला गाठलं आणि रोजचा जार लावून टाकला.

मावशी त्याच संध्याकाळी आली. मुलीला उजेडात धरून ओठ बघितले, नखं बघितली, परत सुनंदाकडे दिली. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर ती बाजूला झाली. "पाया कामून पडायलास? बोर्डावर लिव. गावात आनिक चार घरी तान्ही लेकरं हायेत. दोघी माहेरी आल्यात बाळंतपणाला."

"उद्या लिहितो," मी म्हणालो.

उद्या सरपंच आले. मुलीची चौकशी केली, तिच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. मग सांगितलं की पंधरा दिवसांत कार्डाची तपासणी आहे, पथक येणार, आणि माझं कंत्राटही त्याच महिन्यात नवं करायचं आहे. "विहिरीची लाइन दुरुस्त करूच आपण. पण आत्ता गावभर बोंब कशाला? तुमचं तर आता सगळं नीट झालं ना, प्रकाशराव?" ते मला पहिल्यांदाच प्रकाशराव म्हणाले होते. आणि मी, ज्याच्या मुलीचे ओठ पाच दिवसांपूर्वी निळे होते, मान डोलावली.

मावशी रोज सकाळी पंचायतीसमोरून जाताना विचारायची, "लिवलंस?" मी म्हणायचो, आज लिहितो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने विचारणं सोडलं. तिने त्या चार घरी स्वतः जाऊन सांगितलं होतं, पण तिचं ऐकणार कोण? अनिता नावाची एक सून होती, तिच्या सासऱ्याने सरळ सांगितलं, "पंचायतीनं तर काई लिवलं न्हाई. बी.एस्सी. झालेला मानूस बसलाय तिथं, त्येला कळत न्हाई आन् शिपाईणीला कळतं व्हय?" माझ्या पदवीचा गावाला एवढा उपयोग झाला.

मग मावशीने वाद घालणं बंद केलं आणि पाणी वाहायला सुरुवात केली. जुन्या विहिरीच्या पाण्याचा मागचा अहवाल तिने दोनदा वाचला होता. त्यात नायट्रेट नव्हतं. वय सदुसष्ट. सकाळी डोक्यावर एक कळशी आणि हातात एक, दोन खेपा, चार घरं. कुणी ऐको न ऐको, दारात आलेलं फुकटचं पाणी कोण नाही म्हणणार? "लेकराचं दूध ह्यातच कालवा," ती सांगायची. "आन् ह्ये मातर उकळा. ह्ये उकळायचं पानी हाय." मी तिला पंचायतीच्या खिडकीतून जाताना पाहायचो. एकदा मी बाहेर आलो आणि म्हणालो, "मावशी, द्या, एक खेप मी आणतो." ती थांबली नाही. "तुज्या घरी जार हाय ना? बस मंग आत," म्हणाली.

मुलगी घरी आल्याच्या तेराव्या दिवशी मावशी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गुराख्याने ओरडून माणसं जमवली, बाजेवर घालून तिला वर आणलं, आणि जीप परभणीला गेली. मी हे ऐकलं तेव्हा संगणकावर बसलो होतो. उठलो, खडू घेतला आणि पंचायतीच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे. तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये. उकळूनही देऊ नये. खाली तारीख आणि 'ग्रामपंचायत'. सरपंचांचा फोन आला तो मी घेतला नाही. बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोटारसायकल काढली.

दवाखान्यात मावशी पाय बांधून आडवी होती. एवढीशी दिसत होती. मुलगी पिंगळीहून आलेली, ती बाहेर औषधं आणायला गेली होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने तो डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं बोट काचेवर ठेवून वाचू लागली. बोट लागलं की फोटो सरकायचा, मी तो पुन्हा जागेवर आणून द्यायचो. "अक्षर चांगलं हाय तुजं," ती म्हणाली. आणि मला, त्या खाटेपाशी उभा असताना, बरं वाटलं. इतका मी मूर्ख.

"तारीख आजची टाकलीस," ती म्हणाली.

"हो. आजच लिहिलं ना."

"कागद कधीचा हाय?"

तिलाही ठाऊक होतं. मलाही.

"आरं, त्या बायांनी लेकरायला किती दिवस पाजलं, त्यायला कसं कळंल? उद्या एखादी दवाखान्यात गेली, डॉक्टरनं इच्यारलं कधीपासून, तर काय सांगंल ती? आजपासून म्हनंल?" तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "कागदाची तारीख लिव. जा."

मी म्हणालो, थोडा वेळ बसतो. ती म्हणाली, "हितं बसून काय व्हतंय? जा." तिचे माझ्याशी बोललेले हे शेवटचे शब्द. मुलीने तिला पिंगळीलाच नेलं. ती पुन्हा चालली नाही, आणि सहा महिन्यांनी गेली. मी दोनदा भेटायला गेलो तेव्हा ती झोपलेली होती, किंवा झोपलेली आहे असं मला सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी मी परत गावात आलो. ओल्या फडक्याने आजची तारीख पुसली, तिच्या जागी लिहिलं, 'अहवाल प्राप्त', आणि अहवाल आला तो दिवस. 'ग्रामपंचायत' पुसून तिथे माझं नाव घातलं. बोर्डासमोर लोक जमत होते. पुरुषांनी वरची ओळ वाचली आणि सरपंचांच्या घराकडे बघितलं. अनिता लेकराला खांद्यावर टाकून आली होती. तिने सगळं वाचलं, खालपर्यंत. मग बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घरी जार कधीपासून यायलाय?"

मी तिला तारीख सांगितली. खरी.